साठवरून पंधरावर

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कोणी मला शूर वगैरे समजायला नको. आकाशात वीज चमकली की मी मोबाइल बंद करून कपाटात ठेवते. अनोळखी नंबरचा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. आणि अशी मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी सासूबाईंना गाडीत बसवून दीड तास गाडी चालवत भंडाऱ्याला नेते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यामागे तो चार चाकांवर बसून आला.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई रुखमा, यांच्या दोन्ही किडन्या गेल्याला साडेतीन वर्षं झाली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आमचं गाव सानगडीपासून सहा किलोमीटर आत. बसने जायचं तर दोन ठिकाणी बदलायची, आणि परतताना त्यांना धड उभंही राहता येत नाही. म्हणून मामाजींनी, म्हणजे माझे सासरे चिंधूजी यांनी, बैलजोडी विकली, माझ्या नवऱ्याने, मनिषने, वर भर घातली आणि नागपूरच्या एका हौशी माणसाची वापरलेली गाडी दारात आली. मनिष बुटीबोरीच्या कारखान्यात, पंधरा दिवसांतून एकदा घरी येणार. मग चालवणार कोण? ग्रामपंचायतीत संगणकावर दाखले काढून देणारी सून. तेहतिसाव्या वर्षी शिकले. शिकवणारा रोज म्हणायचा, मॅडम, स्टेअरिंग जरा सैल धरा, ते कुठं पळून जात नाही.

मागच्या पावसाळ्यात पुराने रस्ता बंद झाला आणि एक शुक्रवार चुकला. रविवारी दुपारी आत्याबाई जेवता जेवता थांबल्या. श्वास आत जाईना. खाटेची पाटी दोन्ही हातांनी धरून त्या बसल्या होत्या आणि त्यांच्या छातीतून पाणी खळखळल्यासारखा आवाज येत होता. त्या वेळी वाचल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यापुढे एकही वेळ चुकवू नका, पुढच्या खेपेला कदाचित इथपर्यंत पोचणार नाहीत. तो आवाज मी विसरलेले नाही. आमच्या घरी गाडी ही हौस नाही. गाडी अडली तर आत्याबाईंचा श्वास अडतो, इतकं सरळ आहे.

पोळ्याच्या आठवड्यातला मंगळवार होता. परतीच्या वाटेवर लाखनीच्या अलीकडे पुढच्या ट्रकने एकाएकी वेग कमी केला. मी सत्तरवर होते. ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग हातात थडथडायला लागलं, धान पाखडताना सूप हलतं तसं. पाय उचलला, थांबलं. पुन्हा दाबला, पुन्हा सुरू. मागच्या सीटवर डायलिसिसने गळून गेलेल्या आत्याबाईंनी डोळे न उघडताच काय झालं म्हणून विचारलं. रस्ता खराब आहे, मी म्हटलं. रस्ता नवा कोरा सिमेंटचा होता.

उरलेली वाट मी चाळीसवर काढली. मागून येणारे हॉर्न मारत होते, एकाने काच खाली करून काहीतरी बोलूनही घेतलं. मला ऐकू आलं नाही, कारण माझं सगळं लक्ष उजव्या पायाच्या तळव्यात होतं.

बुधवारी सल्ल्यांचा पाऊस पडला. मनिष फोनवर म्हणाला, हवा चेक कर. शेजारचे भैय्याजी म्हणाले, चाकाला चिखल चिकटला असेल, धुऊन टाक. ग्रामपंचायतीचे शिपाई म्हणाले, बाई चालवतात म्हणून असं होतं. हवा भरली, चाकं धुतली, शिपायांना चहा दिला नाही. संध्याकाळी गावाबाहेर जाऊन ब्रेक दाबला, स्टेअरिंग तसंच थडथडलं. शुक्रवार दीड दिवसावर आला होता आणि शुक्रवारीच पोळा होता. रोग हल्याला आणि औषध पखालीला असं करत बसायला वेळ नव्हता.

गुरुवारी सकाळी अर्धी रजा टाकून मी सानगडीला सेवकरामच्या गॅरेजात गेले. सेवकराम पन्नाशीचा, बारीक, बोलायला कंजूस. त्याने गाडीला हात न लावता आधी मलाच तपासलं. हलतं ते हातात की बुडाखाली? ब्रेक दाबल्यावर की एरवीही? मग शेजारी बसला आणि म्हणाला, चला. मोठ्या रस्त्यावर त्याने मला ऐंशीवर जायला लावलं. मी आयुष्यात ऐंशीवर गेले नव्हते. ब्रेक न लावता काही हलतंय का, त्याने विचारलं. नव्हतं हलत. म्हणजे चाकांचं बॅलन्सिंग ठीक, तो म्हणाला. मग खड्ड्यांच्या पट्ट्यावरून नेलं, कान लावून बसला; खालून खडखड नाही. मग ब्रेक. स्टेअरिंग थडथडलं, सीट मात्र गप्प राहिली. पुढच्या डिस्क, एवढंच म्हणून त्याने गाडी परत फिरवायला सांगितली.

गॅरेजात त्याने पुढचं चाक काढलं. आत ताटाएवढी लोखंडी चकती, हीच डिस्क, आणि ब्रेक दाबला की तिला दोन्हीकडून पकडणारे पॅड. ती हाताने फिरवत त्याने तिच्याजवळ खडू स्थिर धरला. चकती सरळ असती तर खडूची रेघ गोल उमटली असती. इथे अर्ध्या भागावर पांढरी रेघ आली आणि अर्धा भाग कोरा राहिला. मला दिसलं. जे इतके दिवस फक्त पोटात कळत होतं ते डोळ्यांना दिसलं, आणि का कोण जाणे, मला थोडं बरं वाटलं.

हे कशामुळे झालं, मी विचारलं. त्याने उलट विचारलं, फाटकाजवळ, चौकात गाडी थांबवल्यावर पाय कुठे असतो तुमचा? ब्रेकवर, मी म्हटलं. किती दाबून? मी खरं सांगितलं. गाडी थांबली की मी ब्रेक जीव खाऊन दाबून धरते, हँडब्रेकही ओढते, तरी वाटत राहतं की सरकेल. सेवकराम पहिल्यांदा हसला.

"तापलेल्या डिस्कले तुमी तशाच दाबून धरता, ताई. मंग पॅडचा डाग बसते एकाच जागी. भेवानं खराब केली तुमी हे डिस्क."

नव्या डिस्क आणि पॅड साकोलीहून यायला दुपार झाली. बसवून झाल्यावर मी चावी मागितली तर तो म्हणाला, काम अर्धंच झालंय. नवा पॅड आणि नवी डिस्क एकमेकांना ओळखत नाहीत. घासून घासून दोघांचं जमवून द्यावं लागतं, तोवर ब्रेक ब्रेक नसतो. साठवर जायचं, घट्ट दाबत पंधरावर आणायचं, पण पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा साठ. असं दहा वेळा. मग दहा-बारा किलोमीटर ब्रेक न लावता निवांत चालवून डिस्क थंड होऊ द्यायच्या. आणि काही झालं तरी तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभं राहायचं नाही. त्यानेच हे करून द्यावं अशी माझी इच्छा होती. तो नाही म्हणाला. गाडी तुम्ही चालवता, तुमच्या पायाला समजलं पाहिजे.

मोकळ्या रस्त्यावर तो शेजारी बसून आकडे मोजत होता. एक. दोन. तिसऱ्यांदा सीटबेल्ट छातीत रुतला. पाचव्यांदा जळका वास आला आणि सहाव्यांदा चाकातून धूर निघाला. मी किंचाळायच्या बेतात होते. येऊ द्या, तो म्हणाला, तिथला मळ जळून राहिला आहे. सातव्यांदा ब्रेक मऊ लागला. नवव्यांदा तो परत घट्ट झाला. दहाव्यांदा मी पाय ठेवला आणि गाडीने रस्ता असा धरला की मला हसू फुटलं. स्टेअरिंग हातात निपचित होतं.

घरी येताना रस्त्यात जागोजागी पळसाची पानं घेऊन जाणारी माणसं दिसली. पोळ्याचा आदला दिवस म्हणजे खांदशेकणी. वर्षभर जू ओढून निबर झालेले बैलांचे खांदे त्या संध्याकाळी गरम तूप-हळदीने चोळायचे, पळसाच्या पानांनी शेकायचे आणि बैलांच्या कानात म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आमच्या गोठ्यात तीन वर्षांपासून बैल नाहीत. मामाजी चुलीजवळ वाटीत तूप गरम करत होते. म्हटलं, भैय्याजींच्या बैलांसाठी असेल. मी मनिषला फोन करून दहाही वेळांचं वर्णन ऐकवत होते. मग शेजारी सांगितलं. मग आत्याबाईंना सांगितलं. तीन दिवसांत पहिल्यांदा मला झोप लागली.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला बारीक पाऊस होता. गाडीच्या बोनेटवर हळदकुंकू लावलेलं, आरशाला झेंडूची माळ. चाकांच्या जाळीवरही हळदीची बोटं उमटलेली. बरं वाटलं मला. म्हाताऱ्याने सणाच्या दिवशी गाडीची आठवण ठेवली, असं मनात म्हटलं. आत्याबाईंना पुढे बसवलं, त्यांच्या मांडीवर फाइल आणि पाण्याची छोटी बाटली दिली, आणि निघालो.

पहिल्या वळणावर ब्रेक दाबला तर गाडी घसरल्यासारखी पुढे गेली आणि थोडी उजवीकडे ओढली. ती जुनी ओळखीची भीती परत आली. पण सेवकराम म्हणाला होता, पावसात पहिला ब्रेक कमी लागतो. मीच माझी समजूत काढली. सारखं घाबरायची सवय असली की हाच तोटा असतो. खरी भीती आली तरी माणूस तिला सवय समजतो.

गावाबाहेर रस्ता तलावाच्या पारीवर चढतो. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. उजवीकडे काठोकाठ पाणी, डावीकडे खोल धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, आणि अर्धा किलोमीटर गेल्यावर उताराचं वळण. त्या वळणावर पोळ्याच्या सकाळी सगळं गाव बैल धुवायला उतरतं, हे मी विसरले नव्हते. म्हणून शंभर पावलं आधीच पाय ब्रेकवर ठेवला.

गाडी थांबली नाही.

मी आणखी दाबलं. पायाखाली पेडल दगडासारखं कडक होतं आणि गाडी तेलावर चालल्यासारखी जात होती, जाता जाता पाण्याकडे ओढ घेत होती. समोर आठ-दहा बैल, ओल्या अंगाचे, रस्ताभर पसरलेले. भैय्याजी त्यांच्या पांढऱ्या जोडीमध्ये पाठ करून उभे होते, हातात दोर. मी हॉर्नवर पंजा ठेवला. माणसं वळली. बैल हॉर्नला काय घाबरणार, ते तिथेच उभे. मी गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर पाडला, इंजिन ओरडलं, हँडब्रेक ओढला, मागची चाकं चरचरली. तरीही आम्ही पुढेच जात होतो. मला भैय्याजींच्या बनियनचं भोक दिसलं, इतके ते जवळ आले. शेजारी आत्याबाईंनी फाइल छातीशी धरली.

उजवीकडे पाणी होतं. मी डावीकडे वळवलं.

पारीच्या उतारावर बेशरमीची झुडपं माजलेली असतात. दरवर्षी ग्रामपंचायत ती कापायचा ठराव करते आणि दरवर्षी राहून जातं. गाडी त्या झुडपांत नाक खुपसून गेली, फांद्या काचेवर फडाफडा आपटल्या, आणि तिरकी होऊन अडकली. इंजिन बंद पडलं. पाऊस टपावर वाजत होता.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांच्या कपाळाला खोक नव्हती, डायलिसिसच्या हातालाही काही नव्हतं. त्यांनी मलाच विचारलं, तुला लागलं का. मी अजूनही ब्रेक दाबून धरला होता. आत्याबाईंनी वाकून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा पाय निघाला.

मग वास आला. कालचा जळका वास नव्हे. कढईत तूप करपावं आणि त्यात हळद पडावी, तसा घरचा, सणाचा वास. आत्याबाईंनी तो माझ्याआधी ओळखला. त्यांचा चेहरा पडला.

"हा खांदशेकनीचा वास होय, तृप्ती," त्या हळूच म्हणाल्या.

लोकांनी आम्हाला धरून गाडीबाहेर काढलं. मी चाकाजवळ बसून आत पाहिलं. कालची आरशासारखी लखलखीत डिस्क पिवळी होती आणि तिच्यावर तूप बुडबुडत होतं. हौशी माणसाने बसवलेली चाकं अशी मोकळ्या जाळीची की आतली डिस्क बाहेरून दिसते आणि बारीक हात सहज आत जातो. दोन्ही बाजूंना तसंच.

कोणीतरी धावत घरी सांगितलं होतं. मामाजी पारीवरून अनवाणी आले, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. त्यांनी आधी आत्याबाईंना पाहिलं, मग मला, मग गाडीला. त्यांच्या नखांत अजून हळद होती. आणि मी, जिने बारा वर्षांत सासऱ्यांपुढे आवाज चढवला नव्हता, सगळ्या गावासमोर ओरडले.

"मारून टाकलं असतं तुमी आत्याबाईले. समजते काही तुमाले?"

बैल सोडले तर कोणी हललं नाही. मामाजी खाली पाहत राहिले. नव्या ब्रेकला काल मी किती त्रास देऊन आणलं ते त्यांनी भिंतीआडून ऐकलं होतं, ते पुटपुटले. दहा वेळा पळवलं, धूर निघाला. एवढं राबवल्यावर खांदा दुखत असेल. म्हणून शेकलं, आवतन दिलं. मला त्या क्षणी त्यांची दया आली नाही. खरं सांगायचं तर मला त्यांना हलवावंसं वाटत होतं, गदागदा, दात वाजेपर्यंत. भीती ओसरताना तिचा राग होतो आणि समोर जो मऊ सापडेल त्याच्यावर तो निघतो.

पण घड्याळात साडेसात झाले होते. मी डायलिसिसच्या ठिकाणी फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, ताई, अकरापर्यंत आणा, नंतर मशीन दुसऱ्या पेशंटला जातं, मग एकदम सोमवारी. सोमवार. मंगळवार ते सोमवार. मला ती खाटेची पाटी आठवली, ती धरणारी बोटं आठवली. गावातली दुसरी चारचाकी सरपंचांची, ती नागपूरला गेलेली. सणाच्या दिवशी बस नाही.

सेवकरामला फोन लावताना वाटलं होतं की तो उचलणार नाही. त्याच्याही घरी बैल आहेत. तो पाऊण तासात मोटारसायकलवर आला. तोवर भैय्याजींनी त्याच पांढऱ्या जोडीला दोर लावून गाडी वर ओढली होती. सेवकरामने चाक काढलं, डिस्कवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि मामाजींकडे एकदा पाहिलं. काही विचारलं नाही. पेट्रोलने डिस्क धुतल्या, पुसल्या, परत धुतल्या. पॅड मात्र तूप प्यायले होते, ते कामातून गेले. कुणा गिऱ्हाइकासाठी आणून ठेवलेला जोड तो सोबत घेऊन आला होता, तोच घातला.

"ताई, आता पुन्हा ओळख करून द्या लागन," तो म्हणाला. "साठवरून पंधरावर. मी मांगून येतो मोटारसायकलवर, मागच्या गाड्यायले थांबवतो."

आत्याबाईंना घेऊनच? मी विचारलं. तो म्हणाला, रिकाम्या गाडीने हे करून परत यायला वेळ कुठं आहे. पावणेनऊ वाजले होते. मी कोणाला तरी सांगणार होते की मला नाही जमत, दुसरं कोणी बघा. आजूबाजूला पाहिलं तर चाळीस माणसं होती आणि सेवकराम सोडला तर गाडी चालवणारं एक नव्हतं; मागचा रस्ता तर त्यालाच सांभाळायचा होता.

आत्याबाई पुढचं दार उघडायला गेल्या तर मामाजींनी त्यांना मागे बसवलं आणि स्वतः पुढे बसले. तीन वर्षांत ते या गाडीत पहिल्यांदा बसत होते. काही झालं तर आधी मला लागू दे, असं ते बोलले नाहीत, पण पट्टा न लावता समोरच्या काचेकडे असे बघत होते की मला ते कळलं. मीच त्यांचा पट्टा ओढून लावला.

मोठ्या रस्त्यावर आलो. साठ. दाबलं. गाडी ओशाळल्यासारखी हळू झाली. मागून आत्याबाई म्हणाल्या, एक. त्यांना कोणी मोजायला सांगितलं नव्हतं. दोन. तीन. प्रत्येक वेळी पाय ठेवायच्या आधी मला भैय्याजींची पाठ दिसायची आणि पाय अर्ध्यातच थबकायचा. चौथ्यांदा तो नीट दाबलाच गेला नाही. धरू नका म्हणत सेवकराम मागून हॉर्न देत होता, की दाबा म्हणत होता, मला समजेना. मामाजींनी दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले होते, पिवळी नखं लपवून. पाचव्या वेळी मी डोळे मिटले असते, पण मिटून चालणार नव्हतं. सहा. धूर निघाला, या वेळी नुसत्या लोखंडाचा. मामाजींचा श्वास अडकला. मी म्हटलं, येऊ द्या, मळ जळून राहिला. सात. आठ. नवव्यांदा पट्टा छातीत रुतला आणि मला रडू आलं. मागून थकलेल्या आवाजात आत्याबाई म्हणाल्या, दहा, आन आता हळू चाल बाई, मले मळमळून राहिलं.

अकराला सात मिनिटं कमी असताना आत्याबाईंच्या हातात सुई गेली आणि मशीनची चकती फिरू लागली. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले. त्यांनी डोळे मिटले होते, छाती सावकाश वरखाली होत होती. मग मी बाहेर आले.

मामाजी पार्किंगमध्ये गाडीपासून चार हात लांब उकिडवे बसले होते. मी त्यांच्यासाठी चहा आणला. माफी मागायची होती, पण आमच्याकडे सासऱ्यांशी असं बोलायची रीत नाही. मी नुसतीच बाजूला बसले. मग तेच बोलले, गाडीकडे पाहत.

"बैल होते त सकाळी उठल्यावर पयले त्यायच्या आंगावरून हात फिरवो. समजे मले, कोनाचं काय दुखते. ही आली तवापासून तू हात लावू देत नाईस. मामाजी, बिघडन, म्हनतेस. तुमी दोघी मंगळवारी जाता, शुक्रवारी जाता. मी वट्ट्यावर बसून रायतो. घरी येयेपर्यंत मले भेवच वाटते, बाई. रोजचं भेव."

आमच्या घरात घाबरण्याचं काम माझ्या एकटीकडे आहे, अशी माझी तीन वर्षं समजूत होती. मनिषला सांगितलं, शेजारी सांगितलं, ग्रामपंचायतीत सांगितलं. या माणसाला काय समजणार म्हणून याला एक अक्षर सांगितलं नव्हतं. आणि त्याने आपल्याला जे येत होतं ते केलं.

मी उठून चाकाजवळ खाली बसले आणि त्यांना बोलावलं. जाळीतून बोट दाखवून सांगितलं की ही डिस्क, हे पॅड, हे एकमेकांना घट्ट धरतात म्हणून गाडी थांबते. यांना तेल, तूप, पाणी, काही लागू द्यायचं नाही. ते गुडघ्यांवर हात टेकून, मान तिरकी करून, बैलाचा खूर बघावा तसे लक्ष देऊन पाहत होते. मग त्यांनी विचारलं.

"मंग मी हात कुटं लावू?"

टायरला, मी म्हटलं. रोज सकाळी चारही टायर दाबून पाहायचे, खिळा-काटा गेला आहे का बघायचं, कुठे चीर पडली आहे का बघायचं, आणि मला सांगायचं. तुम्ही सांगितल्याशिवाय मी गाडी काढणार नाही. त्यांनी उजवा हात टायरवर सपाट ठेवला. टायर अजून गरम होता. परतताना त्याच पारीवरून जायचं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही आठवत होतं.